हलक्या पुस्तकाला सवलत नको

किशोरवयीन मुलामुलींच्या हलक्याफुलक्या प्रेमकथांवर दोन आरोप वर्षानुवर्षं होत आले आहेत. एक म्हणजे ही पुस्तकं इतकी फुटकळ असतात की शहाण्यासुरत्या माणसाने त्यांत वेळ घालवू नये. दुसरा म्हणजे ती इतकी प्रभावी असतात की मुलांच्या हाती लागता कामा नयेत. आरोप करणारे गट वेगवेगळे, त्यांचं एकमेकांशी पटण्याचीही शक्यता नाही. निकाल मात्र एकच लागतो: वाचणाऱ्याने ओशाळं व्हावं.

मी ही पुस्तकं आवडीने वाचते. वय विचाराल तर ज्यांच्यासाठी ती लिहिली जातात त्यांची आई शोभेन. पण इथे त्या आवडीची वकिली करायची नाही. माझं भांडण दुसऱ्याच बाजूशी आहे. या पुस्तकांचं जितकं वाटोळं नावं ठेवणाऱ्यांनी केलं, तितकंच "जाऊ दे, हलकंफुलकं तर आहे" म्हणत त्यांना सोडून देणाऱ्यांनी केलं. हलकं लिहिणं हे कसब आहे. कसबाची पारख कडक नसेल तर चांगला कारागीर आणि रद्दी भरणारा यांच्यात फरकच उरत नाही.

आधी घातकपणाच्या आरोपाचं बघू. अमेरिकी लेखिका ज्यूडी ब्लूम यांची 'फॉरेव्हर' ही कादंबरी १९७५ सालची. ती लिहिण्यामागची हकिकत त्यांनीच सांगितलेली आहे. त्यांच्या मुलीला असं पुस्तक हवं होतं, ज्यात दोन चांगली मुलं एकमेकांच्या जवळ येतात आणि त्यापायी कुणाला मरावं लागत नाही. ही मागणी आज चमत्कारिक वाटेल. पण त्या काळच्या किशोरांच्या पुस्तकांत मुलगी प्रेमात थोडी पुढे गेली की तिची शिक्षा ठरलेली असे: नको असलेलं गर्भारपण, शिक्षण सुटणं, नाही तर थेट मृत्यू. ब्लूमच्या कॅथरिनचं यातलं काही होत नाही. तिचं मायकेलवर प्रेम बसतं, ते शरीरापर्यंत जातं, आणि पुढे ओसरतं. आयुष्य चालू राहतं. एवढ्यासाठी हे पुस्तक किती ग्रंथालयांतून काढलं गेलं याला गणती नाही. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्याने सगळ्या सरकारी शाळांमधून १३ पुस्तकं हटवली, त्यांतही ते होतं. म्हणजे जवळपास पन्नास वर्षं झाली तरी राग गेलेला नाही. राग कशाचा, तर लेखिकेने नायिकेला शिक्षा दिली नाही याचा.

'फॉरेव्हर' काही हलकंफुलकं पुस्तक नव्हे, आणि त्यातले दोघं शेवटी वेगळे होतात, त्यामुळे ती ठरीव अर्थाने प्रेमकथाही नव्हे. पण प्रेमात पडलेली मुलगी उद्ध्वस्त न होता पुस्तकाच्या शेवटच्या पानापर्यंत पोचू शकते, ही जागा अशा पुस्तकांनी मोकळी करून ठेवली. आजच्या गमतीदार प्रेमकथा त्याच जागेवर उभ्या आहेत. धोका मुलांना नव्हताच. मुलांना धाक दाखवण्याच्या सवयीला होता. या आरोपावर याहून जास्त शब्द खर्च करावेसे वाटत नाहीत.

फुटकळपणाच्या आरोपाला मात्र नीट उत्तर द्यायला हवं, कारण तो करणारे लोक स्वतः वाचणारे असतात. २०१४ मध्ये रूथ ग्रॅहम यांनी 'स्लेट' या अमेरिकी ऑनलाइन मासिकात लेख लिहून, मोठ्या माणसांना मुलांसाठी लिहिलेली पुस्तकं वाचताना लाज वाटली पाहिजे, असं म्हटलं. गदारोळ झाला. चवताळून उत्तरं देणाऱ्या बहुतेकांनी "आम्ही काय वाचायचं ते तुम्ही कोण सांगणार" हाच सूर लावला. सूर बरोबर होता, पण त्या नादात ग्रॅहम यांच्या लेखातला खरा मुद्दा राहूनच गेला. त्यांचं म्हणणं असं होतं की या पुस्तकांचे शेवट सदासर्वदा समाधान देतात. रडवून देतील किंवा हसवून देतील, पण देतातच. मोठ्या माणसाच्या वाचनात तर न सुटणारे, अर्धवट राहणारे, मनात खुपत राहणारे शेवट हवेत.

प्रेमकथेपुरतं बोलायचं तर हे शंभर टक्के खरं आहे, आणि कुणी ते लपवतही नाही. रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका या लेखकांच्या संघटनेने प्रेमकथेची जी व्याख्या केली, तिच्यात दोनच अटी आहेत. गोष्टीच्या मध्यभागी प्रेम हवं, आणि शेवट भावनिक समाधान देणारा, आशा ठेवणारा हवा. पहिल्या पानावरच वाचकाला शेवट ठाऊक असतो. मुखपृष्ठावर एकमेकांकडे न बघता उभी असलेली ती दोघं शेवटी एकमेकांकडे बघणार.

पण शेवट ठाऊक असणं हा दोष कधीपासून झाला? रहस्यकथेत खुनी सापडणारच असतो. न सापडला तर वाचक लेखकाला शिव्या घालतो. तरीही रहस्यकथा वाचणाऱ्या प्राध्यापकाला कुणी हसत नाही. उलट त्याची बुद्धी चांगली चालते असं समजलं जातं. विनोदाचंही तेच. पु. ल. देशपांडे वाचताना आपण हसणार हे आधीच माहीत असतं, आणि 'व्यक्ती आणि वल्ली'ला १९६५ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तेव्हा हलकेपणा कुणाला आडवा आला नाही. म्हणजे ठरलेला शेवटही चालतो आणि हलकेपणाही चालतो. फक्त दोन्ही एकत्र येऊन त्यांत सोळा वर्षांच्या मुलीचा जीव गुंतला की अचानक साहित्याच्या भवितव्याची काळजी सुरू होते. कुणाच्या आवडीला आपण गंभीर मानतो, याचा हा हिशेब आहे. पुस्तकाच्या गुणदोषांचा त्यात फारसा संबंध नाही.

शेवट ठरलेला असला की वाचकाचं लक्ष 'काय होणार' यावरून उठून 'कसं होणार' यावर बसतं. आणि इथेच लेखकाची परीक्षा असते. एक उदाहरण रचून दाखवते. या प्रकारात एक लाडकं कथासूत्र आहे: दोघं काही कारणाने प्रेमाचं नाटक करतात आणि नाटक करता करता खरंच प्रेमात पडतात. समजा, तिसऱ्या प्रकरणात नायिका कुणाशी तरी बोलता बोलता म्हणून जाते की उलट्या दिशेला तोंड करून प्रवास केला की तिला मळमळतं. वाक्य गर्दीत टाकलेलं, विनोदात गुंडाळलेलं. वाचक विसरून जातो. अकराव्या प्रकरणात सगळा वर्ग सहलीला निघतो. गाडीत समोरासमोर बाकं आहेत. नायक आधी येऊन सरळ दिशेच्या जागेवर बसलेला असतो. ती येते. तो काही न बोलता उठतो, समोरच्या उलट्या जागेवर जाऊन बसतो आणि खिडकीबाहेर बघायला लागतो. आजूबाजूला नाटक बघायला कुणी नाही.

चांगला लेखक इथे थांबतो. नायिका बसते, पट्टा लावते, मैत्रिणीशी भलत्याच विषयावर बोलायला लागते, आणि पुढच्या दोन पानांत तिची वाक्यं अर्धवट तुटायला लागतात. वाचकाला तिच्या आधी कळतं, आणि ते आधी कळणं हीच या प्रकारातली खरी गंमत. वाईट लेखक इथे तिच्याकडून अर्धं पान चिंतन करवून घेतो: त्याला आठवत होतं, तो खरंच आपली काळजी करतो, हे आता नाटक राहिलं नाही. झालं. फुगा फुटला. दोन्ही पुस्तकांचं कथासूत्र एकच, प्रसंग एकच, शेवटही एकच. एक पुस्तक मी पुन्हा वाचीन, दुसरं कुणाला देण्याचीही इच्छा होणार नाही. हा फरक सांगायचा नसेल तर समीक्षा हवी कशाला?

अशा आणखी कितीतरी जागा आहेत. पुस्तकाचा तीन-चतुर्थांश भाग संपला की दोघांची ताटातूट होते. हाही जवळजवळ नियमच. ही ताटातूट कशावर उभी आहे ते बघितलं की पुस्तकाची पत कळते. तिने त्याला दुसऱ्या मुलीशी बोलताना पाहिलं, गैरसमज झाला, चाळीस पानं फोन उचलला नाही. एका वाक्यात मिटणारं भांडण चाळीस पानं ताणलेलं दिसलं की समजावं, लेखकाकडे सामग्री संपली आहे. उलट, ताटातूट पात्राच्या आधीपासून असलेल्या भीतीतून आली तर तीच चाळीस पानं भराभर उलटतात. उदाहरणार्थ, घरातल्या कुणाच्या तरी जाण्याने धास्तावलेली मुलगी कुणी आपल्याला सोडून जाण्याआधी आपणच निघून जाते. तिचं चुकतंय हे दिसतं, तरी तिला दोष देता येत नाही. मैत्रिणीचंही तसंच. नायिकेची जिवलग मैत्रीण फक्त सल्ला द्यायला आणि केस नीट करून द्यायला पानावर येत असेल, तिला स्वतःची एकही अडचण नसेल, तर ते पात्र नव्हे, फर्निचर आहे.

आणि एक गोष्ट अशी आहे जिच्यावर मी कुठलीच तडजोड करायला तयार नाही. नायक तिचा फोन तपासतो, ती कुणाशी बोलते यावर धुसफुसतो, तिने नाही म्हटल्यावर तिच्या दारात जाऊन उभा राहतो, आणि पुस्तक याला प्रेमाची तीव्रता म्हणून खपवतं. गंभीर कादंबरीत असा माणूस आला तर सूर सावध असतो, वाचकाला कुठे तरी बोचतं. हलक्या कादंबरीत सूरच क्षमाशील असतो. प्रसंग गोड वाटतो आणि गिळला जातो. म्हणून हलक्या पुस्तकात हा दोष जास्त गंभीर ठरतो, कमी नाही. "अहो, मजेसाठी तर लिहिलंय" हे उत्तर तिथे चालत नाही. मजा कशात वाटते, हाच तर प्रश्न आहे.

असं परखड बोलणाऱ्या वाचकांची परंपरा जुनी आहे. १८५६ मध्ये जॉर्ज एलियट (या पुरुषी टोपणनावाने पुढे गाजलेल्या इंग्रज लेखिका) यांनी 'वेस्टमिन्स्टर रिव्ह्यू'मध्ये लेडी कादंबरीकारांच्या खुळचट कादंबऱ्यांवर लेख लिहिला. तो वाचायला आजही मजा येते, कारण बाई निर्दय आहेत. सर्वगुणसंपन्न, सगळ्या भाषा येणारी, सगळ्यांना मोहात पाडणारी नायिका त्यांनी सोलून काढली आहे. पण त्यांची तक्रार स्त्रिया प्रेमाच्या गोष्टी लिहितात याबद्दल नव्हती. खोटं लिहितात याबद्दल होती. त्याच सुमाराला त्या स्वतः कथालेखनाकडे वळल्या. त्यांच्या कितीतरी आधी जेन ऑस्टिन यांनी 'नॉर्थअँगर अ‍ॅबी' या कादंबरीतच मध्ये थांबून कादंबरीचा कैवार घेतला होता. कादंबऱ्या लिहिणारेच आपल्या नायिकेला कादंबरी वाचताना दाखवायला लाजतात, यावर त्यांनी तिथे चिमटा काढला आहे. आणि गंमत म्हणजे त्याच पुस्तकात भयकथा वाचून डोकं फिरवून घेतलेल्या मुलीची यथेच्छ थट्टाही आहे. कैवार आणि थट्टा दोन्ही एकाच हाताने. मला हवी ती वृत्ती हीच.

आपल्याकडे 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' हा फडके-खांडेकरांच्या नावाने ओळखला जाणारा वाद पिढ्यान्‌पिढ्या घासला गेला. त्यामुळे रंजनाची बाजू घेणं आपल्याला नवं नाही. तरीही किशोरांच्या पुस्तकाचा विषय निघाला की सगळे एकदम 'जीवनासाठी' होतात. मुलांना यातून काय मिळेल? संमतीचं महत्त्व कळेल का? भाषा सुधारेल का? पुढे चांगली पुस्तकं वाचायला लागतील का? शेवटच्या प्रश्नावर तर मला हसूच येतं, कारण त्यात 'ही चांगली नाहीत' हे आधीच गृहीत धरलेलं आहे. हितचिंतकांची ही तऱ्हा टीकाकारांपेक्षा जास्त त्रासदायक. एखादी मुलगी रात्री पांघरुणात टॉर्च घेऊन दीडशे पानं वाचते, ती भाषा सुधारावी म्हणून नव्हे. तिला त्या दोघांचं जमायला हवं असतं. फायदा झालाच तर तो आडमार्गाने, नकळत.

इथे एक रास्त शंका निघेल: मग निव्वळ गंमत ही सार्वजनिक चर्चेची गोष्ट कशी? ती तशी होते, कारण गंमत सगळ्यांच्या वाट्याला सारखी आलेली नाही. नॅन्सी गार्डन यांची 'अ‍ॅनी ऑन माय माइंड' १९८२ मध्ये आली. दोन मुलींचं प्रेम, आणि शेवट आशेचा. तोवर अशा पात्रांच्या नशिबी पुस्तकात अपघात, आत्महत्या किंवा पश्चात्तापच लिहिलेला असायचा, त्यामुळे तो शेवट हीच बातमी होती. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस सिटी परिसरात त्याची प्रत जाळण्यात आली. तिथल्या एका शाळा मंडळाने पुस्तक ग्रंथालयातून काढलं, विद्यार्थी कोर्टात गेले, आणि १९९५ मध्ये कोर्टाने ते परत ठेवायला लावलं. जाळणाऱ्यांना दुःखद शेवट कदाचित इतका खुपला नसता.

अमेरिकी लेखिका जेनी हान यांचा अनुभव वेगळा, पण मुळाशी तोच. 'टू ऑल द बॉइज आय हॅव लव्ह्ड बिफोर' २०१४ मध्ये आली. नायिका अर्धी कोरियन. कधीच पाठवायची नव्हती ती प्रेमपत्रं टपालात पडतात आणि मग प्रेमाच्या नाटकाचं तेच लाडकं सूत्र. गोष्ट पिसासारखी हलकी. २०१८ मध्ये चित्रपट आला तेव्हा हान यांनी लिहिलं की नायिका आशियाई अभिनेत्रीच करेल हे मान्य करणारी निर्मिती संस्था एकच भेटली. बाकीच्यांना गोष्ट हवी होती, चेहरा बदलून. स्थलांतराचं दुःख, वर्णभेदाचा घाव अशी कथा असती तर आशियाई चेहरा चालला असता, नव्हे, हवाच झाला असता. पत्रं चुकून पोस्टात पडल्यामुळे फजिती होणारी मुलगी मात्र 'कुणीही' असू शकते, आणि 'कुणीही' म्हणजे गोरी, असा हिशेब. ज्यांच्या वाट्याला पुस्तकांत फक्त व्यथा येते, त्यांना थिल्लरपणा करायला मिळणं ही मोठी गोष्ट आहे. यात उपयुक्ततेचा मुद्दा नाही. त्या मुलीने कुणाचं प्रतिनिधित्व करू नये, नुसती फजिती करून घ्यावी.

आता माझ्यासारख्या वाचकांबद्दल बोलायला हवं, आणि ते आमच्या सोयीचं नाही. बाउकर या पुस्तकबाजाराचा अभ्यास करणाऱ्या कंपनीने २०१२ मध्ये पाहणी केली. १२ ते १७ वयाच्या मुलांसाठी म्हणून छापलेली पुस्तकं विकत घेणाऱ्यांत ५५ टक्के लोक अठरा किंवा त्याहून मोठे होते; त्यांत ३० ते ४४ वयाचा गट सगळ्यांत मोठा, आणि बहुतेकांनी पुस्तक स्वतःसाठी घेतलं होतं. ही आकडेवारी आली तेव्हा आम्ही खूश झालो, आपण एकटे नाही म्हणून. पण पैसे मोजणाऱ्याकडे बाजार वळतो. नायिका हळूहळू सतरा-अठराच्या झाल्या, चौदा-पंधराच्या कमी दिसायला लागल्या. त्यांचे टोमणे तिशीतल्या बाईचे वाटायला लागले. दहावीतली मुलगी स्वतःच्या भावनांचं असं विश्लेषण करते की वाटावं, दर आठवड्याला समुपदेशकाकडे जाऊन आली आहे. जी मुलगी खरोखर चौदाची आहे तिने काय वाचायचं?

मुखपृष्ठांनी यात भर घातली. सपाट रंग, कार्टूनसारखी दोन माणसं, वर हाताने काढल्यासारखी अक्षरं: हे रूप किशोरांच्या प्रेमकथांचं होतं. आता मोठ्यांसाठीच्या, बेडरूमचं दार सताड उघडं ठेवणाऱ्या प्रेमकथाही याच कपड्यांत येतात. तेरा वर्षांच्या मुलाने एक उचललं काय नि दुसरं उचललं काय, कव्हर बघून कळत नाही. यावर कपाटाला कुलूप लावणं हा उपाय नव्हे. युटामध्ये काय झालं ते वर आलंच. मागच्या पानावर एका साध्या ओळीत पुस्तक कोणत्या वयाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय आणि आत किती काय आहे ते सांगायला प्रकाशकाचं काय जातं? आणि ग्रंथपालांनी ती पुस्तकं फुटकळ समजून न उघडता रॅकवर ढकलण्याऐवजी वाचावीत. न उघडता ढकलणं हीही सवलतच आहे, आणि तिचा भुर्दंड मुलांना बसतो.

मोठ्या वाचकांनी काय करावं? वाचावंच. मी थांबणार नाही. पण दुसऱ्याच्या घरी आल्यासारखं वाचावं. या पुस्तकांवर लोक तारे देऊन अभिप्राय लिहितात, त्यांत एक तक्रार इतक्यांदा दिसते की आता मी बघून पुढे जाते: नायिका फार बालिश आहे, हिच्या जागी मी असते तर सरळ बोलून मोकळी झाले असते, म्हणून दोन तारे कमी. ताटातुटीचं कारण पोकळ असेल तर तारे जरूर कापा, मैत्रीण फर्निचर असेल तर कापा, नायक फोन तपासत असेल तर सगळेच कापा. पण एका मेसेजचं उत्तर आलं नाही म्हणून तिला रात्रभर झोप लागली नाही, हा तिचा किंवा लेखिकेचा दोष कसा? ती पंधरा वर्षांची आहे.